काठी किती नमली

उंबरपाडा, मानकोलीमागे,
ता. भिवंडी
१६ मार्च २०२५

निवेदिताबाई,

नमस्कार. ओळखलंत का? मी मृणाली. नारपोलीची शाळा, दहावी ब, खिडकीशेजारचा बाक. तुम्ही फळ्यावर त्रिकोण काढायचात आणि मी बाहेर लूमवरचा कपडा किती वीत पुढे सरकला ते बघत बसायचे. तुम्ही एकदा खडू फेकून मारला होतात, तो नेमका लागला होता.

फोनच करणार होते. शाळेतले शिपाईमामा म्हणाले, बाई आता बहिणीकडे गणेशपुरीला असतात आणि त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही. लिहिलंस तर मात्र उत्तर नक्की येईल. म्हणून हे स्पीडपोस्ट.

आता मुद्द्याचं. आमच्या गावाची काठी तुम्ही पाहिली नसेल. लांबच लांब बांबू, त्याला लाल कापड गुंडाळलेलं आणि टोकाला मोरपिसांचा तुरा. वर्षभर ती आमच्या घरासमोरच्या चौथऱ्यावर उभी असते. चैत्री पुनवेला वाजतगाजत खाडीकाठच्या आईच्या देवळात जाते. माझे आजोबा केसरीनाथ, आम्ही आबा म्हणतो, जवान होते तेव्हापासून काठी तेच नेतात. चौघं चार बाजूंनी दोर धरतात, पण काठी आबांची.

आणि काठीचा एकच नियम आहे. आईसमोर ती नमते. पण आडवी कधीच होत नाही. आडवं माणसाला करतात, तेही शेवटी. आबांच्या तोंडात वर्षभर तेच असतं, "काठी नमल, पन निजनार न्हाय."

यंदा त्या वाटेवर नवा पूल झालाय. कंटेनर वरून जाणार, आपण खालून. खाली पाटी लावलीय, उंची साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. मी गच्चीवरून काठीच्या अंगाने टेप सोडून मोजलं. तुरा धरून तीस फूट. दुसरी वाट आहे बांधावरून, पण ती स्मशानाला लागून जाते. काठी त्या वाटेने परत येते, आईकडे जात नाही.

गावकीची बैठक झाली. दौलतकाका आमच्या गावकीचे प्रमुख. ते म्हणाले, "जमाना बदलला. दीपेशच्या टेंपोत आडवी टाकू, पुलापलीकडं उबी करू." दीपेश माझा चुलतभाऊ, टेंपो त्याचा. आबा घरी येऊन म्हणाले, "टेंपोत घातलीत तर मी घराभायेर येनार न्हाय." आणि बाई, ते खरंच येणार नाहीत. मी त्यांना ओळखते.

मग काल वेअरहाऊसमध्ये ड्युटीवर असताना एक उंच खोका दारातून तिरका आत घेतला आणि माझ्या डोक्यात खडू लागला. तिरकी नेली तर? पण किती तिरकी? फार नमवली तर ती निजल्यासारखीच. कमी नमवली तर तुरा पुलाला. तो कोन काढता येतो ना? तुम्ही शिकवला होतात ना? मी तेव्हा कुठे बघत होते ते सांगितलंच आहे.

बाई, पूनव बारा एप्रिलला आहे. लवकर लिहा!

तुमची (खडू खाल्लेली)
मृणाली


गणेशपुरी
१९ मार्च २०२५

मृणाली,

खडू मी तुला नाही, तुझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीला मारला होता. नेम चुकला. पण परिणाम बघता चुकला ते बरंच झालं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गरम पाण्यात गुडघे शेकत बसले होते. तशीच ओल्या पायांनी टेबलाशी गेले. माझी बहीण अनसूयाताई ओरडत असावी, पण नारपोलीच्या लूमच्या खटखटीत इतकी वर्षं गळा काढून शिकवल्यावर माझे कान संपावर गेले आहेत आणि त्याचे काही फायदेही आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा असं पुढच्या पत्रात लिहू नकोस. मोबाइलच्या त्या एवढ्याशा पडद्यावर माझा कर्ण मावत नाही. कागद घे. काढ.

पुलाची कड जिथे आहे तिथून सरळ खाली रस्त्यापर्यंत एक रेघ. ती अठरा फूट. रस्ता आडवा. या दोघांमध्ये काटकोन. आता काठी: तुरा पुलाच्या कडेला, बूड रस्त्यावर. ती तिरकी रेघ तीस फूट. झाला काटकोन त्रिकोण. काटकोनासमोरची ती सगळ्यात लांब बाजू म्हणजे कर्ण. तुझी काठी हा कर्ण आहे. आणि तुला हवा आहे तो कोन काठीच्या बुडाशी, काठी आणि रस्ता यांच्यामध्ये.

त्या कोनासमोर कोणती बाजू आहे? अठरावाली. समोरच्या बाजूला कर्णाने भाग दिला की मिळतो त्या कोनाचा साइन. इथपर्यंत तू लूमकडे बघत होतीस. यापुढचं आणखी सोपं आहे. आजवर पुस्तकात कोन दिलेला असायचा आणि साइन शोधायचा असायचा. आता तू उलट निघाली आहेस. साइन हातात आहे, तो कोणाचा आहे ते शोधायचं. चप्पल सापडली आहे, पाय शोधायचा आहे. तुझ्या फोनमधल्या गणकयंत्रावर त्यासाठी बटण असतं, साइनच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं.

उत्तर मी लॉग टेबलच्या जुन्या पुस्तकातून काढून ठेवलं आहे. सांगणार नाही. तुझं आलं की ताडून बघू.

आणि हो, मला काठी बघायला आवडली असती. निवृत्त झाल्यापासून मला कुणी खरा त्रिकोण दिलेला नाही. सगळे येतात ते नातवंडांचा गृहपाठ घेऊन.

निवेदिता


उंबरपाडा
२३ मार्च

बाई!!

पहिल्यांदा काय आलं माहीत आहे? शून्य पूर्णांक चौसष्ट. एक अंशसुद्धा धड नाही! मी म्हटलं, झालं, काठी सापासारखी रस्त्यावरून सरपटत न्यावी लागणार. रडायलाच आलं होतं. मग वेअरहाऊसमधल्या एका इंजिनीअर मुलाने बघितलं आणि हसला. गणकयंत्र अंशांत नव्हतंच, रेडियन नावाच्या भलत्याच मापात होतं. बदललं. पुन्हा दाबलं.

सदतीस अंश! जरासा कमी, पण सदतीसच. जुळलं का? जुळलंच असणार!

मी जेवणाच्या सुट्टीत कागदावर सदतीस अंश काढून बघितले. बाई, ते काही निजणं नाही. ते तर नुसतं मान झुकवणं आहे. मी शिफ्ट संपायची वाट बघितली नाही. रिक्षाने तडक घरी. आबा पडवीत जाळं शिवत होते. खाडी कधीच गेली, गोडाऊनं आली, तरी त्यांचं जाळं शिवणं चालूच आहे. मी कागद समोर धरला. ते म्हणाले, "यो काय हाय?" मी म्हटलं, "हा रस्ता, हा पूल, ही तुमची काठी." त्यांनी कागद फिरवून फिरवून बघितला. मग म्हणाले, "एवरीच नमवाची?" आणि आजीला हाक मारली, "धोंडू, इकडं ये, बघ पोरीनी काय कारलंय!"

एवढं खूश मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

गावकीपुढेही मांडलं. दौलतकाका कागदाकडे बघून म्हणाले, "कागदावं काय, कायपन उबं ऱ्हातं." पण येत्या रविवारी, पाडव्याला, पुलाखाली तालीम करायला ते तयार झालेत. खरी काठी नाही, तेवढ्याच लांबीचा साधा बांबू आणणार आहोत.

आता एक अडचण. सदतीस अंश झाले हे चालताना कळणार कसं? भलामोठा कोनमापक कुठून आणू?

तुमची
मृणाली (साइनच्या डोक्यावर उणे एक)


गणेशपुरी
२५ मार्च

मृणाली,

जुळलं! माझं छत्तीस अंश आणि वर बावन्न कला (साठ कलांचा एक अंश). अनसूयाताईला मी टाळी दिली. तिला वाटलं माझी लॉटरी लागली.

भलामोठा कोनमापक नको. कंपासपेटीतलाच घे, त्याच्या मधल्या भोकात दोरा ओव आणि दोऱ्याला एक नट बांध. गवंड्याचा ओळंबा असतो तसा. कोनमापकाची सरळ कड काठीला घट्ट चिकटव. काठी कशीही तिरपी केली तरी दोरा सरळ खालीच लोंबणार, पृथ्वी त्याला सोडत नाही. काठी आडवी असेल तर दोरा नव्वदवर येईल. त्या नव्वदलाच तू शून्य म्हण. काठी जेवढी उचलशील तेवढाच दोरा तिथून सरकेल. सदतीस सरकला की थांब.

तालमीचं सविस्तर लिही. मी इथे घराच्या पायरीवर बसून पोस्टमनची वाट बघते आहे, परीक्षेच्या निकालासारखी.

निवेदिता


उंबरपाडा
३० मार्च, गुढीपाडवा

बाई,

आपण चुकलो.

सगळं गाव जमलं होतं. बेंजोवाले नुसते बघायला आले होते, तरी त्यांनी वाद्यं आणली. दोरा बरोबर सदतीसवर होता, मी स्वतः ओरडून सांगत होते. आबा निघाले. आणि पुलाच्या कडेवर बांबू असा आपटला की वरून सिमेंटची कपची पडली. बांबू मागे रेटला गेला, आबा दोन पावलं लटपटले, दीपेशदादाने धरलं म्हणून बरं. पुन्हा केलं. पुन्हा आपटला. थोडंथोडकं नाही, चांगला दोन-तीन फूट वर जात होता.

कुणीतरी म्हणालं, "खरी काठी असती तर?"

आबा घरी आले, कमरेचा पट्टा सोडला आणि खुंटीला टांगला. दौलतकाकांना सांगितलं, "टेंपो सांगा." आज आजीने गुढीला लावलेल्या साखरेच्या गाठी त्यांच्यापुढे धरल्या, तर त्यांनी तोंड फिरवलं. पाडव्याच्या दिवशी!

मी दहादा गणित केलं. दहादा सदतीसच येतं. अठरा खरे आहेत, तीस खरे आहेत. मग पूल खोटं बोलतो का? तुमचा साइन पुस्तकातच चालतो आणि भिवंडीत चालत नाही असं काही आहे का? राग मानू नका. मानलात तरी चालेल, मलाही आलाय.

हे पत्र दीपेशदादाकडे देते. तो उद्या वज्रेश्वरीला माल टाकायला जातोय. उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याचकडे द्या.

मृणाली


गणेशपुरी
३१ मार्च

मृणाली,

तुझा भाऊ समोर बसून चहा पितो आहे, त्याला मी अडवून ठेवलं आहे.

तुझा राग पोचला आणि तो रास्त आहे. पण मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एका शब्दावर अडकले. पट्टा. "कमरेचा पट्टा सोडला." कसला पट्टा? या आधीच्या दोन्ही पत्रांत पट्टा नाही. मी तुझ्या भावाला पाटीवर लिहून विचारलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. मग त्याने उभं राहून दाखवलं. चामड्याचा पट्टा, पोटापुढे वाटीसारखी खोबण आणि काठीचं बूड त्या खोबणीत.

अगं मुली! म्हणजे काठी रस्त्यावर टेकलेलीच नसते!

दीपेशने पाटीवर लिहिलं, "एकदा उचल्ली की आईसमोर दगडावरच टेकते. मधी नाही." बघ, तुमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून तुला लिहावंसं वाटलं नाही. आणि मी काठी कधी पाहिली नाही, म्हणून मी आपलं खुशाल बूड रस्त्यावर टेकवून मोकळी झाले. साइन भिवंडीत चालतो. चुकीच्या त्रिकोणाचा कोन आपण बरोबर काढला होता, तू दहादा आणि मी एकदा.

दीपेशला तुझ्या आबांएवढं उभं करून माझ्या शिवणाच्या टेपने मोजलं. कमर तीन फूट. तेव्हा आता नवा त्रिकोण. रस्ता विसर. आबांच्या कमरेतून एक आडवी रेघ काढ. तिथून पुलापर्यंत किती उरले? अठरातून तीन गेले, पंधरा. कर्ण तोच, तीस. पंधरा भागिले तीस म्हणजे अर्धा. आणि साइन अर्धा असलेला कोन तर मला झोपेतून उठवून विचारलास तरी सांगेन: तीस अंश.

पण तीस अंशांना तुरा पुलाला घासत जाईल. म्हणजे तीसपेक्षा कमी हवा. आणि इथे माझं गणित थांबतं, कारण याच्या पुढचा प्रश्न माझा नाही, तुमचा आहे. किती खालपर्यंत गेली तर ती नमली आणि किती खाली गेली की निजली? तू लिहिलं होतंस की आईसमोर काठी नमते. किती नमते? ते कुणी ठरवलेलं आहे का? असेल तर तो कोन काढ. तो तीसच्या आत असेल तर तुझे आबा घराबाहेर येतील.

चूक माझी होती, तुझी नव्हे. आबांना हे सांग. नाहीतर मी येऊन सांगेन, गुडघ्यांसकट.

निवेदिता


उंबरपाडा
५ एप्रिल

बाई, बाई, बाई!

कुठून सुरुवात करू? बसा आधी. बसलात? गुडघे पाण्यात असतील तर बाहेर काढा, पत्र भिजेल.

तुमचं पत्र वाचून मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. लहानपणापासून तो पट्टा बघतेय, दर वर्षी आजी त्याला तेल लावते, आणि मी तुम्हांला कापडाचा रंग लिहिला, मोरपिसं लिहिली, पण पट्टा लिहिला नाही!

मग तुमचा प्रश्न. आईसमोर किती नमते? आबांना विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, तरी उत्तर दिलं. "दीपमालेपरत." म्हणजे असं, की देवळासमोर एक दगड आहे, काठीचं बूड त्यावर टेकवतात आणि मग दोर सैल करत काठी खाली आणतात, तुरा दीपमाळेच्या डोक्याला टेकेपर्यंत. तिथे थांबतात. त्याच्या खाली कधीच नाही. आबा म्हणाले, "दीपमालेच्या खाली ग्येली म्हंजे निजली."

बाई, मला घामच फुटला. ठरलेलं आहे! फक्त कुणी अंशांत मोजलेलं नाही! आणि समजा तो कोन पस्तीस निघाला तर? तर सगळं संपलंच, कारण मग पुलाखाली आईपेक्षा जास्त नमवावं लागणार.

मी आणि दीपेशदादा धावतच देवळात गेलो. तो दिव्यांच्या कोनाड्यांत पाय ठेवत वर चढला आणि टेप खाली सोडली. दगडाच्या पातळीपासून चौदा फूट. इथे बूड खरंच जमिनीवर असतं, म्हणजे तुमचा पहिला त्रिकोण! समोरची बाजू चौदा, कर्ण तीस. मी दीपमाळेच्या कट्ट्यावर बसून भागाकार केला आणि ते उणे एकवालं बटण दाबायच्या आधी डोळे मिटले. दीपेशदादा ओरडला, "दाब ना गं!"

अठ्ठावीस!

थोडा कमी, पण अठ्ठावीस! तीसच्या आत! आईसमोर अठ्ठावीस अंशांत नमली की तुरा बुडापासून चौदा फूट वर. आबांच्या कमरेचे तीन मिळवा, सतरा. पूल अठरा. एक फूट मोकळा! मी देवळात नाचले. पुजाऱ्याने बघितलं.

रात्रीपर्यंत कुणाला धीर होता! लगेच गावकी बोलावली. मी दोन्ही त्रिकोण मांडले, पहिल्यात काय चुकलं तेही सांगितलं. या वेळी दौलतकाकांनी कागद नीट बघितला. पण मग म्हणाले, "मोजमाप बरोबर आसंल. पन काठी आईसमोर नमतं. आज पुलासमोर नमवली, उद्या गोडाऊनच्या गेटासमोर नमवाल. कोनाकोनासमोर नमवाची?"

मी कागदाची घडी घातली. याचा साइन कुठे काढणार? आबांनी मान खाली घातली, कारण त्यांना ते पटलं होतं.

आणि मागून आजी बोलली. आमची आजी बैठकीत कधी बोलत नाही. "दौलत, तू त्या पुलाखाली उबा ऱ्हायलास का कवा? समोर काय दिसतं?"

दौलतकाका म्हणाले, "काय दिसनार? देऊल."

"आगोदर दिसायचं?"

नव्हतं दिसत, बाई! मधे चिंचेची झाडं होती, ती पुलासाठी तोडली. आता पुलाखालून बघितलं की सरळ आईचा कळस दिसतो. आजी म्हणाली, "देऊल दिसलं का आपुन हात जोडताव का न्हाय? मंग काठीनी नको जोडाया?"

दौलतकाका एवढे मोठे हसले! "धोंडूवयनी, पंचात तुमालाच बसवाया पायजे," म्हणाले. आबा उठले. घरी गेले आणि खुंटीवरचा पट्टा काढून आजीपुढे धरला, तेल लावायला.

उद्या सकाळी बांबू घेऊन पुन्हा तालीम. बाई, मला भीती वाटतेय आणि मजाही येतेय.

मृणाली


गणेशपुरी
७ एप्रिल

मृणाली,

तुझं पत्र मी अनसूयाताईला मोठ्याने वाचून दाखवलं. इतक्या मोठ्याने की शेजारचे गोळा झाले. आता अर्ध्या गणेशपुरीला तुमच्या काठीचा कोन ठाऊक आहे. तुझ्या आजीच्या उत्तराला माझ्याकडून शंभरपैकी शंभर. तो प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा होता.

एकच ताळा कर, कारण मी एकदा पोळले आहे. देवळातल्या दगडापासून दीपमाळेपर्यंतचं अंतर जमिनीवरून मोज. कर्ण तीस आणि उभी बाजू चौदा असेल तर ते साडेसव्वीस फूट यायलाच हवं. नाही आलं, तर दोनपैकी एक माप खोटं आहे. मग काठी हलवू नकोस, मला कळव.

माझी कोनमापकाची युक्ती खऱ्या काठीला लावायला आबा परवानगी देतील का? प्लास्टिकची वस्तू आहे. नाही म्हणाले तर हट्ट करू नकोस.

यायची फार इच्छा होती. डॉक्टरांनी एसटीची पायरी चढायला मनाई केली आहे. तेव्हा आता डोळे तुझे.

निवेदिता


उंबरपाडा
१३ एप्रिल

बाई,

साडेसव्वीस! टेप दीपेशदादाने धरली होती, आकडा मी वाचला, आणि दोघांनी एकदमच तुमचं नाव घेतलं.

तालमीत बांबू गेला होता. पण तालीम ती तालीम. कोनमापकाचं विचारलं तेव्हा आबांनी तो हातात घेतला, नट हलवून बघितला आणि म्हणाले, "लाल कापडाखाली बांध. दोरा तेवरा भायेर ऱ्हाऊंदे." एवढंच. मी दोऱ्याला हळद लावली, लांबून दिसावा म्हणून.

काल सकाळी काठी उचलली. बेंजो, ढोल, गुलाल, बाया हिरव्या साड्या नेसून पुढे. पुलाशी येईपर्यंत आबा ताठ. आणि मग पूल समोर आला. बाई, तो एवढा ठेंगणा मला कधीच वाटला नव्हता.

दौलतकाकांनी हात वर केला. बेंजो थांबला, ढोल थांबले. एवढी माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला तुमची आठवण झाली. म्हटलं, आत्ता आम्ही सगळे बाईंसारखेच आहोत, फक्त बघतोय.

मागच्या दोघांनी दोर सैल केले, पुढच्या दोघांनी बेचक्याच्या काठ्या लावून भार घेतला. काठी खाली यायला लागली. आबांना वर बघता येत नव्हतं. सगळा तोल कमरेवर, नजर रस्त्यावर, मानेच्या शिरा फुगलेल्या. मी त्यांच्या डाव्या हाताला. त्यांनी खालच्या मानेनेच विचारलं, "पोरी, दोरा काय बोलतंय?"

"चाळीस, आबा."

"आता?"

"तेहतीस. आणखी. तीस. आणखी थोडी... अठ्ठावीस! बस!"

"आईसमोर जेवरी, तेवरीच?"

"तेवढीच आबा. केसाचाही फरक नाही."

ते निघाले. मी दोऱ्याकडे बघू की तुऱ्याकडे? तुरा पुलाच्या कडेखाली गेला. मोरपिसं हलली, पण सिमेंटला लागली नाहीत. वर एक फूट उजेड दिसत होता, बाई, मी खरंच बघितला, तुमचा तो एक फूट! आणि समोर कळस. आबांना तो दिसला असावा, कारण पुलाच्या मधोमध त्यांनी मान वर केली आणि "आई" म्हणाले. पलीकडे काठी बाहेर पडली आणि दोर ताणून सरळ उभी राहिली, तसा जो काही आवाज झाला तो गणेशपुरीला तुम्हांलासुद्धा ऐकू आला असेल. दौलतकाका माझ्या अंगावर गुलाल ओतत होते. मी रडत होते की हसत होते, कोण जाणे.

देवळात आबांनी बूड दगडावर टेकवलं. काठी दीपमाळेपर्यंत नमली, तुरा टेकला. दर वर्षीप्रमाणे सगळे आईच्या पाया पडायला वळले. आबा वळले नाहीत. ते काठीशी वाकले, लाल कापडाखालचा तो कोनमापक बघितला आणि हळदीच्या दोऱ्यावर बोट ठेवलं. मला जवळ बोलावलं. "यो आकडा किती?"

"अठ्ठावीस."

"पुलाखाली पन यवराच व्हता?"

"एवढाच होता, आबा."

बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "म्हंजे पुलासमोर न्हाय नमली." आणि मग आईच्या पाया पडले.

कोनमापक काढू का, असं मी विचारलं. म्हणाले, "ऱ्हाऊंदे. काठीचाच हाय आता."

प्रसादाचा नारळ सोबत पाठवतेय. आबांनी तुमच्या नावाचा वेगळा फोडला. त्यांनी एक निरोपही दिलाय, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "बाईनी काठी न बगता एवरी नीट नेली. पुढल्या पुनवेला बगाया यावा. पायरी चढाची गरज न्हाय, दीपेशचा टेंपो रिकामाच हाय. पुढच्या शीटवर बसवून आना."

मृणाली